कुंडीतली धुगधुगी



माझी ओळख कवी म्हणून करून दिली गेली. त्यामुळे तुम्ही कवितेच्या तयारीनं बसला असाल तर थोडी निराशा होईल. आज मला कुंडीबद्दल बोलायचंय. त्यातही जिच्यात पाहण्यासारखं काही उरलेलं नाही, अशा कुंडीबद्दल. एक करडी काटकी, तिच्याभोवती तडकलेली माती आणि घरातल्या कुणाचं तरी वाक्य, ‘हे गेलेलं दिसतंय. टाकून द्या.’

जानेवारी उलटला की हे वाक्य आमच्या सोलापुरात गच्च्यागच्च्यांवर ऐकू येतं. सकाळी घंटागाडी येते आणि तिच्यात भाजीच्या देठांबरोबर मातीच्या गड्ड्यासकट उपटलेलं एखादं चाफ्याचं खोड जाऊन पडतं. ते खोड चांगलं टणक असतं. टोकाला बोट लावलं तर अणकुचीदार डोळाही हाताला लागतो. महिना-दीड महिना कळ काढली असती तर त्यातून पानं आली असती. पण टाकणाऱ्याला ते ठाऊक नसतं आणि घंटागाडीवाल्याला थांबायला वेळ नसतो.

झाड झोपलंय की मेलंय, हे वरून ओळखता येत नाही, इथूनच सगळा घोटाळा सुरू होतो. माणसाच्या बाबतीत श्वास असतो, नाडी असते. झाडाच्या बाबतीत आपण पानं बघतो. पानं असली तर जिवंत, नसली तर मेलेलं. हा हिशोब बऱ्याचदा अगदी उलटा असतो.

जरा नीट बघा. पान गाळणं हे जिवंत झाडाचं काम आहे. पान गळायच्या आधी झाड त्यातला कामाचा ऐवज आत ओढून घेतं. मग देठाच्या बुडाशी पेशींचा एक बारीक थर तयार होतो, आतल्या वाटा बंद होतात आणि पान अलगद सुटतं. फांदीवर स्वच्छ खूण राहते. एवढी आवराआवर मेलेली फांदी करू शकत नाही. फांदी एकाएकी मेली तर पान जागच्या जागी वाळतं, तपकिरी होतं आणि तसंच लोंबकळत राहतं. ओढलं तरी सहज निघत नाही. म्हणून दोन कुंड्या शेजारी शेजारी असतील, एक पूर्ण बोडकी आणि दुसरी वाळक्या पानांनी भरलेली, तर मी आधी बोडकीवर भरवसा ठेवीन.

थंड देशांत झाडं बर्फाच्या भीतीनं झोपतात. आपल्याकडे बर्फ नाही, पण कोरडेपणा आहे. पाऊस संपला, हवा सुकली, रात्री गारठल्या की कित्येक झाडं दुकान बंद करून आत बसतात. पान म्हणजे पाणी बाहेर जाण्याची वाट. पाणीच कमी, तर वाट उघडी ठेवायची कशाला? चाफा, अंजीर, डाळिंब, तुती ही सगळी मंडळी या हिशोबानं चालणारी.

आमच्या जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला हे कुणी शिकवायला नको. सांगोल्याकडे, पंढरपूरकडे डाळिंबाच्या बागा आहेत. बहार धरायचा म्हणजे आधी बागेला ताण द्यायचा. पाणी तोडायचं. जमिनीच्या मगदुराप्रमाणे महिना, दीड महिना झाडाला तहानलेलं ठेवायचं. पानं पिवळी पडतात, गळतात, बाग उघडी पडते. मग छाटणी, खत आणि पाणी. आणि त्या उघड्या झाडावर लालभडक कळ्या येतात. मृग बहार, हस्त बहार, आंबे बहार ही नावं आपण ऐकतो, त्या प्रत्येकाच्या आधी ही पानगळ असते. द्राक्षाचंही तसंच. एप्रिलमधल्या खरड छाटणीनंतर द्राक्षाची बाग बघा, मांडवाखाली नुसते खुंट उभे. शहरातून आलेला पाहुणा हळहळतो, आणि बागाईतदार चहा पीत बसलेला असतो. जे झाड शेतकरी जाणूनबुजून बोडकं करतो, तेच आपल्या गच्चीवर आपण होऊन बोडकं झालं की आपण घाबरतो.

पण एक गोष्ट कबूल करायला हवी. कुंडी म्हणजे शेत नव्हे. जमिनीतलं झाड मूळ खाली सोडून कुठून तरी ओल शोधतं. कुंडीतल्या झाडाची दुनिया हातभर मातीची. मे महिन्यात आमच्याकडे पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसवर जातो तेव्हा सिमेंटच्या गच्चीवरची कुंडी भट्टीसारखी तापते. तिथं झाडं खरोखर मरतात. तेव्हा ‘झाड कधी मरत नाही’ असला भाबडेपणा माझ्यापाशी नाही. मरतं. म्हणून तर तपासायचं.

पहिला प्रश्न झाडाला विचारायचा नाही, पंचांगाला विचारायचा. झाड कोणतं आणि महिना कोणता? चाफा पौषात बोडका असेल तर त्याला हातही लावू नका. तोच श्रावणात बोडका असेल तर काहीतरी बिघडलंय. जास्वंद, लिंबू ही बारमाही हिरवी झाडं. ती कधीच अशी सगळी पानं टाकून झोपत नाहीत. त्यांनी पानं टाकली तर तो आजार समजायचा आणि तेव्हाच्या तेव्हा बघायचं. कढीपत्ता मधला; कुंडीतला कढीपत्ता थंडीत रुसतो, पिवळा पडतो, आणि ऊन तापायला लागलं की पुन्हा फुटतो.

मग फांदी वाकवून बघायची, टोकाची बारीक काडी. ती चिवटपणे वाकली तर आशा आहे. कडकन मोडली तर ती काडी संपलेली. पण फक्त ती काडी. टोक मेलं म्हणजे झाड मेलं असं होत नाही. झाड संकटात आलं की बहुधा टोकाकडून माघार घेत घेत बुडाशी येतं. म्हणून आपणही वरून खाली यायचं.

आता नख. हीच खरी नाडी. खोडाची साल आणि आतलं लाकूड यांच्यामध्ये वाढ करणारा एक अगदी पातळ थर असतो. वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात त्याला कँबियम म्हणतात. तो आणि त्यावरची आतली साल जिवंत असेल तर खरवडल्यावर ओलसर, हिरवं किंवा हिरवट-पांढरं दिसतं. मेलेली असेल तर तपकिरी आणि कोरडं, चहाच्या चोथ्यासारखं. तांदळाच्या दाण्याएवढी जागा पुरते. टोकाजवळ खरवडा, तपकिरी दिसलं तर वीतभर खाली, पुन्हा खाली. हिरवं लागलं की तिथंच थांबा. समाधान होत नाही म्हणून खोडाभोवती गोल साल काढणारे लोक मी पाहिलेत. सालीतूनच पानांनी तयार केलेलं अन्न मुळांकडे जातं. ती वाट चारी बाजूंनी कापली तर जिवंत झाडही तुमच्या तपासणीनंच मरेल. मातीपर्यंत सगळं तपकिरी निघालं तरी बोटभर माती उकरून तिथं एकदा बघा. डाळिंब, अंजीर, मोगरा ही मंडळी बुडातून, मुळाकडून पुन्हा फुटवे काढू शकतात.

ज्यांचं खोड मांसल असतं, त्यांना नख लावण्याआधी दाबून बघावं. चाफा, अडेनियम ही अशी झाडं. अडेनियमचं ते फुगलेलं बूड म्हणजे पाण्याचा रांजण. ते सुरकुतलेलं पण टणक असेल तर झाड तहानलेलं आहे. लिबलिबीत असेल, अंगठा आत जात असेल, आंबूस वास येत असेल, तर ते सडलंय. सुरकुती आणि सड यांत गफलत करू नये. एकीला पाणी हवं असतं, दुसरीला पाण्यानंच मारलेलं असतं. आणि हो, या दोघांचाही चीक त्रासदायक. आफ्रिकेत अडेनियमचा चीक बाणांना लावायच्या विषासाठी वापरत आलेत. तेव्हा तपासणी झाली की साबणानं हात धुवा, मगच डोळे चोळा.

चाफ्याविषयी थोडं जास्त बोलतो, कारण या झाडाशी माझं नातं जुनं आहे. मूळचा तो मध्य अमेरिकेकडचा, पण आपल्याकडे इतका रुळला की देवळाच्या आवारातही आहे आणि कब्रस्तानातही. आमच्या कब्रस्तानात अब्बांच्या पायथ्याशी एक आहे. शब-ए-बरातच्या रात्री आम्ही तिथं जातो. हा दिवस चांद्र महिन्याप्रमाणे येतो, म्हणजे दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो. २०१० च्या सुमारास तो ऐन पावसाळ्यात यायचा. तेव्हा चाफा पानाफुलांनी गच्च, कबरीवर ओली फुलं सांडलेली. अलीकडे, २०२४, २०२५ मध्ये, तो फेब्रुवारीत आला. झाड तेच, पण हरणाची शिंगं जमिनीत रोवावीत तसं उघडंनागडं. बरोबर आलेल्या पुतण्यानं विचारलं, ‘चाचा, हा सुकला का?’ मी त्याचंच बोट धरून सालीवर नख ओढायला लावलं. खाली हिरवा थर आणि पांढरा चीक. पोरगं चपापलं.

चाफा कब्रस्तानात लावण्यामागे एक समज आहे. हे झाड उपटून बाजूला टाकलं तरी त्याला पानं येतात, फुलंही येतात; म्हणून ते अमरत्वाचं चिन्ह. उपटलेल्या फांदीला पानं येतात हे खरंच आहे. तिच्या मांसल अंगात पाणी आणि अन्न साठवलेलं असतं, त्यावर ती काही दिवस काढते. पण कुंडीवाल्यानं इथं सावध राहायला हवं. फांदी लावली, पंधरा दिवसांत दोन पानं आली, म्हणजे फांदी लागली असं होत नाही. ती शिदोरी खात असते. खाली मुळं आली नाहीत तर शिदोरी संपली की पानं मान टाकतात, फांदी मऊ पडते. म्हणजे कोंब दिसला म्हणून लगेच पेढे वाटायचे नाहीत. हलक्या हातानं फांदी हलवून बघा. मातीत पकड जाणवली तर पेढे वाटा.

यावरून लहानपणची एक गोष्ट आठवली. आमच्या घरी डब्यात एक वस्तू होती, मरियमबूटी. पंजा-ए-मरियम असंही म्हणतात. हजहून येणारे लोक ती आणतात. वाळलेल्या काड्यांची मिटलेली मूठ. घरात बाळंतपण असलं की दाई ती तांब्याच्या भांड्यात पाण्यात सोडायची. मूठ हळूहळू उघडायची, आणि ती उघडेल तशी बाईची सुटका होईल, असा समज. माझ्या धाकट्या बहिणीच्या वेळी ते भांडं धरून मी दाराबाहेर बसलो होतो. काडी न् काडी उलगडताना पाहत होतो. मला वाटलं, झाड जिवंत होतंय. पुढं कळलं की ते झुडूप अरबस्तानातल्या, इजिप्तकडच्या वाळवंटातलं, एका हंगामाचं. पाऊस झाला की उगवतं, बी धरतं आणि मरतं. मेल्यावर वाळून मुठीसारखं मिटतं, ओल लागली की उघडतं. मेलेल्या काड्या पाणी पिऊन फुगतात, एका बाजूनं जास्त, एका बाजूनं कमी, म्हणून वाकतात. किती वर्षांनी भिजवा, उघडेल. त्यात जीव असतोच तर तो बियांत.

आता दुसरी वस्तू. जत्रेत, तीर्थक्षेत्री ‘संजीवनी’ म्हणून एक वाळका गोळा विकतात. मध्य भारतातल्या खडकांवर उगवणारी नेच्याच्या नात्यातली ही वनस्पती. तीही पाण्यात टाकली की उघडते. पण हिची गंमत अशी की ती खरोखर जिवंत असते. महिनोन्‌महिने सुकून पडते आणि पाणी मिळालं की काही तासांत हिरवी होऊन कामाला लागते. म्हणजे दोन्ही भांड्यांत सारखाच तमाशा. एकीत जीव आहे, एकीत नाही. बघायचं ते उघडली का हे नव्हे, हिरवी झाली का हे.

आता घराशेजारी येतो. आमच्या शेजारी एक काकू राहायच्या. त्यांच्या यजमानांना सगळे नाना म्हणत. नानांना झाडांचं वेड. आश्विनात नाना गेले. फेब्रुवारीच्या शेवटी मुलगा आईला पुण्याला न्यायला आला. सातव्या मजल्यावरचा फ्लॅट, चिंचोळी बाल्कनी. तो म्हणाला, ‘आई, पाच कुंड्या मावतील. त्यापेक्षा जास्त नाही.’ गच्चीवर कुंड्या अकरा, आणि एकही धड हिरवी नाही. मुलगा समंजस होता, पण त्याचंही बरोबर होतं; वाळकी काटकं टेम्पोत घालून पुण्याला कशी न्यायची? शनिवारी संध्याकाळी काकूंनी मला हाक मारली. ‘भाऊ, जरा वर येऊन बघता का? यांच्यातलं कोण आहे आणि कोण नाही, तेवढं सांगा.’

हा प्रश्न ज्या आवाजात विचारला गेला तो मला आजही ऐकू येतो. मी खिशातला छोटा चाकू काढला आणि पहिल्या कुंडीपाशी उकिडवा बसलो.

चाफ्याला वेळ लागला नाही. टणक, चीक भरपूर. अर्ध्या पिंपातलं अंजीर, त्याच्या टोकाशी हिरवा डोळा फुगू लागलेला. मोगरा वरून वाळका, आत हिरवा. कढीपत्ता ठीक. जास्वंद वरून दोन हात मेलेली, पण मातीपासून वीतभर उंचीवर नखाखाली हिरवं लागलं. तिथपर्यंत छाटून टाकली.

मोरपंखीचं झाड नानांनी दाराशी ठेवायचं म्हणून वाढवलं होतं. ते नखशिखान्त तपकिरी. या जातीच्या झाडांचं दुखणं वेगळं. मुळं मेल्यावरही ती कित्येक दिवस हिरवी दिसतात, आपण गाफील राहतो. आणि एकदा तपकिरी झाली की जुन्या लाकडातून पुन्हा फुटत नाहीत. मी मान हलवली. काकू काही बोलल्या नाहीत.

दोन कुंड्या नुसत्या मातीच्या होत्या. मुलानं त्या ओतायला कडेला घेतल्याही होत्या. मी बोटं घातली. एकीत भुईचाफ्याचे गड्डे लागले, दुसरीत मे फ्लॉवरचा कांदा. दोन्ही टणक. ही झाडं अख्खीच्या अख्खी जमिनीखाली जाऊन झोपतात, वर मागमूस ठेवत नाहीत. हळद, आलं, कळलावी, सगळ्यांची हीच रीत. भुईचाफा तर उन्हाळ्यात पानांच्याही आधी थेट मातीतून फूल काढतो. मे फ्लॉवरचा लाल चेंडू नावाप्रमाणे मेच्या आगेमागे येतो. रिकामी कुंडी दिसली की ओतून मोकळं व्हायची आपल्याला घाई असते. म्हणून ज्या कुंडीत कंद आहे तिच्यावर ऑइलपेंटनं नाव घालून ठेवावं. नानांनी घातलं नव्हतं. त्यांना सगळं पाठ होतं.

अडेनियमला हात लावला आणि अंगठा आत गेला. नानांच्या माघारी काकूंनी कामवालीला बजावून ठेवलं होतं, ‘त्यांच्या झाडांना एक दिवस पाणी चुकवू नकोस.’ तिनं इमानानं घातलं होतं. थंडीत अडेनियम पानं टाकून बसलेलं, त्याला पाणी नको असतं. काकूंनी विचारलं, ‘पाणी कमी पडलं का हो?’ मी म्हटलं, ‘नाही काकू. कमी नाही पडलं.’ आणि पुढच्या कुंडीकडे सरकलो.

तुळस बुडापर्यंत लाकूड झाली होती, नखाखाली सगळं कोरडं. तुळस तशी दोन-चार वर्षांची सोबतीण. मंजिऱ्या धरून धरून थकते. पण त्याच कुंडीत खाली तीन-चार रोपं बोटाएवढी उगवलेली होती. तिच्याच बियांची. आमच्या घरी तुळशीचा चुलतभाऊ असतो, सब्जा. तोही हंगाम संपला की वाळतो. त्याच्या बाबतीत मी नखसुद्धा लावत नाही. बी झाडून घेतो. थोडं परत मातीत, थोडं उन्हाळ्यात फालुद्यात.

शेवटी गुलाब. काकूंनी तो मुद्दाम शेवटी ठेवला असावा. हा पिवळा गुलाब नानांनी स्वतः डोळा भरून तयार केलेला. नोकरीतल्या एका मित्राच्या बंगल्यातून काडी आणलेली, त्याला चाळीस वर्षं झाली म्हणे. तेव्हापासून तोच गुलाब एका कुंडीतून दुसऱ्या कुंडीत डोळे भरून त्यांनी चालवत आणलेला. आता त्या कुंडीत दोन लुसलुशीत धुमारे आलेले होते. अकरा कुंड्यांत खरी हिरवी पालवी एवढीच. मुलगा खूश झाला, ‘हा तर जिवंतच आहे की काका!’

मी खाली वाकून बघितलं. कलमाचा सांधा जरा फुगीर असतो, गाठीसारखा. त्याच्या वरची फांदी मी तीन ठिकाणी खरवडली. तपकिरी, तपकिरी, तपकिरी. धुमारे निघाले होते ते सांध्याच्या खालून, खुंटातून. खुंट म्हणजे ज्याच्या मुळांवर आपण डोळा बसवतो तो रानटी गुलाब. पानंही वेगळी होती, बारीक. झाड जिवंत होतं, अगदी जोमदार होतं. पण पिवळा गुलाब त्यात राहिला नव्हता.

हे सांगायचं की नाही, असा विचार क्षणभर मनात आला. न सांगता चाललं असतं. पुण्यात फूल आल्यावर त्यांना कळलंच असतं, तेव्हा मी समोर नसतो. पण त्यांनी मला विचारलं होतं, कोण आहे आणि कोण नाही. मी सांगितलं. खुंट आहे, कलम नाही. काकूंनी त्या धुमाऱ्यांवरून एकदा हात फिरवला. म्हणाल्या, ‘बरं.’

दुसऱ्या दिवशी टेम्पोत पाच कुंड्या चढल्या. चाफा, मोगरा, त्या दोन मातीच्या, आणि गुलाब. अंजीर माझ्याकडे आहे, दोन पावसाळे झाले, चांगलं वाढलंय. तुळशीची रोपं त्यांनी दह्याच्या डब्यात घालून स्वतःच्या मांडीवर घेतली, ती पाचात धरली नव्हती. मे महिन्यात त्यांचा फोन आला. लाल चेंडू उमललाय एवढंच सांगायला. गुलाबाबद्दल त्या बोलल्या नाहीत, मीही विचारलं नाही.

आता पाण्याविषयी. झाड मेल्यासारखं दिसलं की आपला हात पहिल्यांदा झारीकडे जातो. माया उतू जाते. पण ज्याला पानं नाहीत ते झाड पाणी उडवणार कुठून? ते पाणी कुंडीत साचतं, मातीतली हवा जाते, आणि मुळांनाही श्वास लागतोच. ती गुदमरतात, मग बुरशी धरते. वरून बघाल तर तहानलेलं झाड आणि बुडालेलं झाड सारखंच मलूल दिसतं, कारण मुळं मेलेली असली की भरल्या कुंडीतही झाडाला पाणी मिळत नाही. म्हणून घालायच्या आधी बोट घाला, दोन पेरं. आत ओल लागली तर झारी ठेवून द्या. झोपलेल्या झाडाला पंधरा दिवसांतून एकदा घोटभर पुरतं. कंदांच्या कुंडीला तेवढंही नको.

उलट कधी कधी माती इतकी सुकते की पाणी पीतच नाही. वरून घातलं की कडेकडेनं धावतं आणि खालच्या भोकातून निघून जातं. आपल्याला वाटतं, भरपूर झालं. अशी कुंडी बादलीत बुडवून ठेवावी. बुडबुडे थांबले की काढून निथळू द्यावी. पुन्हा लगेच नाही.

तरीही शंका राहिलीच, तर कुंडी आडवी करून झाड गड्ड्यासकट हलकेच बाहेर काढा आणि मुळं बघा. जिवंत मूळ पांढरट, दुधी, नाहीतर फिकट तपकिरी, आणि दाबल्यावर टणक. मेलेलं काळपट, बुळबुळीत. चिमटीत धरून ओढलं तर वरचं आवरण मोज्यासारखं निघून येतं आणि हातात नुसता दोरा राहतो. थोडी मुळं चांगली असली तरी झाड वाचू शकतं. सडलेली कापा, कोरड्या मातीत पुन्हा लावा, सावलीत ठेवा. खत मात्र देऊ नका. आजाऱ्याला कुणी बिर्याणी भरवत नाही.

नारळ, सुपारी यांना नखाची परीक्षा चालत नाही. त्यांचा सगळा जीव एका शेंड्यात. मधलं न उलगडलेलं पान हलकेच ओढून बघा. हातात आलं आणि बुडाशी कुजलेलं निघालं, तर तिथं वाट बघण्यात अर्थ नाही.

बाकीच्यांसाठी किती दिवस थांबायचं? माझा हिशोब सांगतो. नखाखाली हिरवं आहे पण पालवी नाही, अशा झाडाला मी मृगाचा पाऊस अंगावर घेऊ देतो. सात जूनच्या आसपास मृग लागतो. त्यानंतर महिनाभर. आषाढ सरत आला, आजूबाजूचं गवतसुद्धा गुडघ्याला लागलं, आणि याचा डोळा अजून हलत नाही, तर पुन्हा एकदा बुडाशी खरवडायचं. तपकिरी निघालं, तर मग नाव घेऊन काढून टाकायचं.

टाकताना माती मात्र फेकू नका. झाड सडून गेलं असेल तर ती माती गच्चीवर पातळ पसरून कडक उन्हात आठ-दहा दिवस तापवा, कुंडी घासून धुवा, खालची भोकं मोकळी करा. आणि वाळलेलं खोड सरळ आणि दणकट असेल तर ठेवून द्या. माझ्याकडे मोरपंखीचं एक आहे, नानांच्या गच्चीवरून आणलेलं. सध्या त्याच्यावर घोसाळ्याचा वेल चढवलाय.